मामाच्या ओट्यावर उघडेल असं पान

बेळगावहून चोर्ल्याच्या रस्त्याला लागलं की पिरनवाडी, किणयेपर्यंत फोन शहाण्यासारखा वागतो. कुसमळीचा पूल ओलांडला की एकेक काडी गळायला लागते. जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या अलीकडं माझ्या मामाचं गाव आहे. तिथं पोचेपर्यंत फोनच्या कोपऱ्यात नुसता एक ‘ई’, म्हणजे जुनं संथ टू-जी, उरतो. पावसाळ्यात वीज गेली की तोही जातो.

मामा काजूगर, आमसुलं, मध आणि फणसपोळी विकतो. गेल्या दिवाळीच्या आधी मी त्याला वेबसाइट करून दिली. टिळकवाडीत माझ्या टेबलावर, वायफायवर, ती अशी झटक्यात उघडायची की मीच माझी पाठ थोपटून घेतली. आठवड्याभरात मामाचा फोन. “अगं, गोव्याचं गिऱ्हाईक ओट्यावर बसलंय. त्याला तुझं ते दुकान दाखवायला घेतलं, तर गोल चकरीच फिरायलीय बघ. त्याचा चहा पिऊन झाला, तरी फिरायलीय.”

ज्याची वेबसाइट, त्यालाच ती उघडता येत नव्हती. त्यानंतरच्या दोन महिन्यांत मी काय काय केलं ते इथं सांगते. मी इंजिनिअर नाही. मूळची डीटीपीवाली, गणपत गल्लीजवळच्या एका छापखान्यात अकरा वर्षं लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं लावली, मग हळूहळू वेबसाइट करायला लागले. त्यामुळं ज्यांना साधं होस्टिंग आणि थोडंफार एचटीएमएल कळतं, त्यांना यातलं सगळं जमेल. कोडमधले शब्द मी उच्चारासारखे लिहितेय; टाइप करताना ते अर्थातच रोमन लिपीत करायचे.

आधी काट्यावर घाला

माझी पहिली चूक ही की न मोजताच कापाकापी सुरू केली. एक अख्खी संध्याकाळ सीएसएसमधल्या, म्हणजे पानाचं रंगरूप सांगणाऱ्या फाइलमधल्या, रिकाम्या ओळी काढत बसले. वाचले किती? ९ केबी. पान होतं ११.५ एमबीचं. काजूच्या पोत्यातून एक गर काढून पोतं हलकं झालं म्हणण्यातला प्रकार.

मोजायचं असं. कॉम्प्युटरवर क्रोम उघडा, आपलं पान उघडा, ‘एफ १२’ दाबा. जे पॅनेल येईल त्यात ‘नेटवर्क’ नावाचा टॅब आहे. तिथं ‘डिसेबल कॅश’वर खूण करा, नाहीतर तुमच्याच ब्राउझरनं आधी साठवून ठेवलेल्या फायली मोजणीत येणार नाहीत आणि आकडा खोटा सुखावणारा दिसेल. मग पान पुन्हा लोड करा. खाली एका ओळीत बेरीज येते. तिथं दोन आकडे असतात: ‘ट्रान्सफर्ड’ म्हणजे तारेवरून प्रत्यक्षात आलेलं वजन, आणि ‘रिसोर्सेस’ म्हणजे उघडल्यानंतरचं वजन. गिऱ्हाइकाच्या डेटा पॅकमधून पहिलं जातं. दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच दिसले तर समजा की तुमच्या सर्व्हरवर कॉम्प्रेशन, म्हणजे पाठवण्याआधी फायली दाबून लहान करणं, बंद असण्याची शक्यता आहे; त्याच्याकडं पुढं येते.

वरच्या ‘साइझ’ या रकान्यावर क्लिक केलं की फायली वजनाप्रमाणं लागतात. माझी यादी अशी निघाली: १४ फोटो मिळून ८.३ एमबी, दरपत्रकाचं एकच चित्र १.१ एमबी, फॉन्ट १.१ एमबी, जावास्क्रिप्ट ०.९ एमबी. आणि ज्याच्यासाठी माणूस येतो तो मजकूर, म्हणजे एचटीएमएल आणि सीएसएस मिळून, १४० केबीसुद्धा नाही.

त्याच पॅनेलमध्ये वेग कमी करून बघायची सोय आहे. ‘नो थ्रॉटलिंग’ लिहिलेल्या जागी ‘३जी’ निवडा आणि पान उघडेपर्यंत खुर्चीवरून उठू नका. एक हिशेब मात्र डोक्यात ठेवा: मोबाइल कंपन्या वेग बिटमध्ये सांगतात, फाइलचं वजन असतं बाइटमध्ये, आणि १ बाइट म्हणजे ८ बिट. सेकंदाला ४०० किलोबिट म्हणजे ५० किलोबाइट. माझं ११.५ एमबीचं पान त्या वेगानं यायला २३० सेकंद, म्हणजे जवळजवळ चार मिनिटं. मामाच्या पाहुण्याचा चहा खरंच संपला असणार.

फोटो, आणि माझा ३०० डीपीआयचा रोग

चौदापैकी तीन फोटो मामाच्या मुलानं थेट फोनवरून चढवले होते. ४००० बाय ३००० पिक्सेल, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके, प्रत्येकी दोन एमबीच्या वर. पानावर ते दिसत होते हाताच्या पंजाएवढे. ब्राउझर बिचारा अख्खा फोटो उतरवून घेतो आणि मग तो बारीक करून दाखवतो. सीएसएसमध्ये रुंदी कमी लिहिली म्हणून वजन कमी होत नाही. हे अजूनही पुष्कळांना माहीत नसतं.

फोनच्या पडद्याची रुंदी ब्राउझरच्या हिशेबानं ३६० ते ४१२ च्या आसपास असते, पण पडद्यावरचे ठिपके त्याच्या दोन-तीन पट दाट असतात. म्हणून मी फोटो ८०० पिक्सेल रुंदीचे करते. ८०० बाय ६०० म्हणजे ४ लाख ८० हजार ठिपके, मूळ फोटोच्या पंचविसाव्या हिश्शाएवढे. काजूगराचा क्लोजअप असेल तर १०००. त्याच्या वर जायची वेळ मामाच्या धंद्यात तरी आलेली नाही.

आकार कमी केल्यावर फॉरमॅट. जेपेग १९९२ सालचं आहे आणि अजून ठणठणीत आहे. पण गूगलनं २०१० मध्ये आणलेलं वेबपी त्याच दर्जाला बहुतेक वेळा हलकं पडतं. सफारी २०२० पर्यंत वेबपी दाखवत नव्हती, आता दाखवते, त्यामुळं ते बिनघोर वापरा. एव्हीआयएफ त्याहून हलकं असतं, फक्त जुन्या आयफोनवर दिसत नाही, म्हणून मी सध्या वेबपीवरच थांबलेय. काम ‘स्क्वूश’ नावाच्या साइटवर होतं. फोटो तुमच्या ब्राउझरमध्येच बारीक होतो, कुठं अपलोड करावा लागत नाही. मधली दांडी सरकवून डावीकडं मूळ, उजवीकडं नवा असं बघता येतं. दर्जा ७५ वर ठेवा, मग डोळ्याला फरक दिसेपर्यंत खाली आणा. मधाच्या बाटलीवरची चकाकी ६० ला फाटायला लागली, फणसपोळीला ५५ सुद्धा चाललं. प्रत्येक फोटोला एकच आकडा लावून मोकळं होऊ नका.

व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो आधीच एकदा दाबलेला असतो. तो पुन्हा दाबला की कडांना मळकट चौकोन येतात. मुलाला सांगितलं, फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठव. तो विसरतो, मी परत मागते. हे असंच चालायचं.

टॅगमध्ये दोन गोष्टी लिहा. एक, प्रत्येक चित्राची रुंदी-उंची, म्हणजे चित्र येईपर्यंत जागा राखून ठेवली जाते आणि वाचता वाचता मजकूर खाली उडी मारत नाही. दुसरी, ‘लोडिंग’ या गुणधर्माला ‘लेझी’ ही किंमत. त्यानं खालचे फोटो, माणूस त्यांच्या जवळपास सरकल्याशिवाय येतच नाहीत. पण सगळ्यात वरच्या फोटोला ‘लेझी’ लावू नका. जो लगेच दिसायला हवा त्यालाच तुम्ही थांबवून ठेवता.

आता दरपत्रक. तो एका चित्राचा १.१ एमबी सर्वस्वी माझा. मी कोरलमध्ये झकास चौकट काढून, सोनेरी किनार देऊन, ए४ आकारात ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, पीएनजी काढलं होतं. २४८० बाय ३५०८ पिक्सेल. छापखान्यात ३०० च्या खाली काही दिलं तर प्लेटवाला शिव्या घालतो, ती सवय हाडात मुरलेली. पडद्याला डीपीआय कळत नाही, त्याला फक्त किती पिक्सेल एवढंच कळतं. चित्र काढून टाकलं आणि साधा एचटीएमएल तक्ता केला: काजूगर अख्खा, काजूगर तुकडा, आमसुलं, मध. ३ केबी! शिवाय तो आता गूगलला वाचता येतो, मामाला फोन करून दर बदलता येतो, आणि म्हाताऱ्या माणसाला बोटांनी मोठा करून बघता येतो. मजकूर चित्रात कोंडायची आपल्याकडं फार हौस आहे, वाढदिवसाच्या बॅनरपासून ग्रामपंचायतीच्या सूचनेपर्यंत. वेबसाइटवर तेवढं करू नका.

देवनागरी जड असते का?

हा प्रश्न मला छापखान्यातल्या जुन्या सोबत्यानं विचारला. त्याला वाटत होतं मराठी पान इंग्रजीच्या तिप्पट जड होतं. पूर्ण खोटं नाही. वेबवर अक्षरं ज्या यूटीएफ-८ पद्धतीनं साठवतात, तीत रोमन अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगवेगळी चिन्हं. ‘बेळगाव’ लिहिलं की ब, मात्रा, ळ, ग, काना, व अशी सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट. तेच नाव जुन्या इंग्रजी स्पेलिंगनं ७ बाइटात बसतं.

पण गंमत पुढं आहे. त्या तीन बाइटांतला पहिला सगळ्या देवनागरीला एकच असतो, आणि दुसरा दोनच प्रकारचा. म्हणजे ओळीच्या ओळी तेच तेच दोन बाइट पुन्हा पुन्हा येत राहतात, आणि तेच तेच जे असतं ते कॉम्प्रेशनला फार आवडतं. मामाचं मुख्य पान उघडं असताना ५८ केबी होतं, जीझिप नावाच्या कॉम्प्रेशननंतर १२ झालं. तेव्हा वजन वाचवायला मराठी मजकूर कमी करू नका.

कॉम्प्रेशन काय करतं ते लग्नपत्रिकेवरून सांगते. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ हे मी हजारदा टाइप केलं असेल. किराणावाल्याच्या वहीत एखादी ओळ पुन्हा आली की तो खाली दोन टिंबं मारतो, ‘वरीलप्रमाणे’. जीझिपही तेच करतं: ‘इतकी अक्षरं मागं जा आणि तिथून इतकी उचल’. ही मूळ कल्पना लेंपेल आणि झिव्ह यांची, १९७७ सालची. त्याच्या जोडीला जे चिन्ह जास्त वेळा येतं त्याला लहान खूण द्यायची हफमनची १९५२ सालची युक्ती. दोन्ही मिळून डिफ्लेट, आणि १९९२ मध्ये आलेल्या जीझिपच्या पोटात तेच आहे. गूगलचं ब्रोटली त्याच्या पुढचं. त्यात वेबवर नेहमी येणाऱ्या शब्दांचा एक छोटा कोशच आत भरून ठेवलाय. नाव स्विस जर्मनमधल्या छोट्या पावावरून आलंय. ब्राउझर ब्रोटली फक्त एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित पत्त्यावरच, मागतो, हे लक्षात असू द्या.

चालू कसं करायचं? सी-पॅनेल असलेल्या होस्टिंगवर ‘ऑप्टिमाइझ वेबसाइट’ नावाचं चिन्ह शोधा, आत ‘कॉम्प्रेस ऑल कन्टेन्ट’ निवडा, सेव्ह करा. माझ्या होस्टिंगवाल्यांनी विकताना ‘सुपरफास्ट’ असं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, आणि हे चिन्ह मात्र बंद अवस्थेत दिलं होतं. ज्यांचा स्वतःचा सर्व्हर आहे आणि त्यावर पानं पाठवायला एनजिनएक्स हे सॉफ्टवेअर आहे, त्यांनी ‘जीझिप ऑन’ करून थांबू नये. नुसतं तेवढं केलं तर फक्त एचटीएमएल दाबलं जातं. सीएसएस, जावास्क्रिप्ट, एसव्हीजी, जेसन हे ‘जीझिप टाइप्स’मध्ये स्वतः लिहावे लागतात. सॉफ्टवेअर अपाचे असेल तर त्यावर ‘मॉड डिफ्लेट’ चालू करा. जेपेग, वेबपी आणि वॉफ-२ (वेबसाठीची फॉन्टची फाइल) यांना त्या यादीत घालू नका. ते आधीच दाबलेले आहेत, पुन्हा दाबून सर्व्हरला नुसता घाम येतो.

झालं की नाही हे सर्व्हरवाल्याला विचारू नका, स्वतः बघा. नेटवर्क टॅबमध्ये पानाच्या नावावर क्लिक करा, ‘रिस्पॉन्स हेडर्स’मध्ये ‘कन्टेन्ट-एन्कोडिंग’ ही ओळ शोधा. तिथं ‘जीझिप’ किंवा ‘बीआर’ दिसायला हवं. ‘बीआर’ म्हणजे ब्रोटली. ओळच नसेल तर काम झालेलं नाही, फोनवर काहीही सांगोत.

फॉन्ट: इथं मराठी माणसाचा पाय घसरतो

इंग्रजी वेबसाइटवाल्यांचे सल्ले वाचून फॉन्टचं गणित सुटत नाही. रोमन फॉन्टात अक्षरं मोजकी. देवनागरीत जोडाक्षरांच्या आकृत्या धरल्या की एकेका फॉन्टात कित्येक शेकडो आकृत्या होतात. मी पाच जाड्या लावल्या होत्या, बारीकपासून ठसठशीतपर्यंत, फॉन्टची प्रत्येक टीटीएफ फाइल २०० केबीच्या वर. पत्रिकेत वधूचं नाव वेगळ्या जाडीत लागतं म्हणून वेबसाइटवरही लागतंच असं थोडंच आहे!

पहिला उपाय मला पटायला आठवडा लागला: मजकुरासाठी फॉन्ट पाठवूच नका. अँड्रॉइडमध्ये नोटो देवनागरी असतो, विंडोज ८ पासून निर्मला यूआय आहे, ॲपलच्या फोनवर कोहिनूर देवनागरी. सीएसएसमध्ये ‘सान्स-सेरिफ’ लिहिलं की ज्याचा त्याचा फॉन्ट वापरला जातो आणि वजन शून्य. डीटीपीवालीच्या जिवाला लागतं, पण मामाचा गिऱ्हाईक अक्षराचं वळण बघायला आलेला नसतो.

एक मात्र कराच. एचटीएमएलच्या पहिल्याच टॅगमध्ये भाषा ‘एमआर’ लिहा. मराठी ‘ल’ आणि ‘श’ हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे असतात. ज्या फॉन्टात दोन्ही वळणं भरलेली आहेत तो ही खूण बघून आपला ल काढतो, नाहीतर हिंदीचा. याला ना बाइट लागतात ना पैसा.

शीर्षकासाठी मला मुक्ता हा फॉन्ट हवाच होता. तो मुक्त परवान्याचा आहे, म्हणून कापून हलका करायची मुभा आहे. डीटीपीच्या पॅकेजबरोबर आलेले फॉन्ट असे उचलून वेबवर टाकू नका, त्यांचा परवाना बहुतेक वेळा छपाईपुरता असतो. आधी टीटीएफऐवजी वॉफ-२ घ्या. त्याच्या आत ब्रोटलीच आहे, तेवढ्यानंच बरंच वजन उतरतं. मग नको ती चिन्हं काढून टाकणं, म्हणजे सबसेट. इथं मी आपटले. नेटवरून ‘देवनागरी अक्षरांची यादी’ उचलली आणि तेवढीच ठेवून बाकीची छाटली. यादी हिंदीची होती. तीत ळ नव्हता, ऱ नव्हता, ॲ नव्हता. दुसऱ्या दिवशी पानाच्या माथ्यावर ‘बेळगाव’मधला ळ भलत्याच वळणाचा, ‘कोऱ्या’चा तुकडा पडलेला, ‘ॲप’ पोरकं दिसणारं. ब्राउझरला जे चिन्ह फॉन्टात सापडत नाही ते तो दुसऱ्या फॉन्टातून उसनं आणतो, त्याचा हा तमाशा. बेळगावच्या वेबसाइटवर ळ गाळला! प्लेटवर अशी चूक गेली असती तर मालकानं माझ्या पगारातून कागद वळता केला असता.

तेव्हा अक्षरं निवडून छाटू नका. देवनागरीचा युनिकोड पट्टा ०९०० पासून ०९७एफ पर्यंत आहे, तो अख्खा ठेवा. त्याच्याबरोबर २००सी आणि २००डी ही दोन अदृश्य जोडचिन्हं आणि २०बी९ हे रुपयाचं चिन्ह ठेवा. रोमन, सिरिलिक, जे काही बाकी असेल ते काढा. फॉन्टटूल्स नावाच्या पायथनच्या संचात ‘पायएफटीसबसेट’ हे हत्यार आहे; ते जोडाक्षरांचे नियम आपण होऊन सांभाळतं. काही ऑनलाइन हत्यारं ते नियमच उडवतात आणि मग ‘क्ष’चे क, हलन्त आणि ष असे तीन पाहुणे दिसतात. छाटल्यावर एक ओळ टाइप करून बघायची माझी रीत आहे: ‘दऱ्याखोऱ्यांतल्या ॲडव्होकेटांनी बेळगावात ज्ञानयज्ञ केला’. ही नीट आली तर बहुतेक सगळं नीट.

पाच जाड्यांवरून एकीवर आले, ३८ केबी. ‘फॉन्ट-डिस्प्ले’ला ‘स्वॅप’ द्या, म्हणजे फॉन्ट येईपर्यंत मजकूर कोरा राहत नाही, फोनच्याच फॉन्टात दिसतो.

आमच्याकडं आणखी एक भानगड असते. पाटी कानडीत, बोलणं मराठीत, बिल इंग्रजीत. मामाच्या वेबसाइटवर हुबळीच्या गिऱ्हाइकांसाठी कानडी मजकूर वेगळ्या पानावर आहे आणि त्याला वेगळा फॉन्ट आहे. सीएसएसमधल्या ‘युनिकोड-रेंज’मध्ये कानडीचा पट्टा, ०सी८० ते ०सीएफएफ, लिहून ठेवला की ज्या पानावर कानडी अक्षर आहे तिथंच तो फॉन्ट उतरतो. मराठी पान वाचणाऱ्यावर त्याचा भार नाही, आणि कानडीवाल्यावर मराठीचा.

जावास्क्रिप्ट

इथं फार वेळ घालवत नाही. फोटो आपोआप सरकवणारा स्लायडर काढला. व्हिडिओचा एम्बेड काढून त्याचं एक चित्र आणि त्यावर लिंक ठेवली, नकाशाचंही तसंच. चॅटचा हिरवा तरंगता गोळा काढून साधी ‘डब्ल्यूए डॉट मी’ची लिंक दिली, दाबलं की व्हॉट्सॲप उघडतं, स्क्रिप्ट लागत नाही. ‘तुम्ही अमुकावे पाहुणे’ हा आकडा काढायला मामा तयार नव्हता, त्याच्यासाठी दोन दिवस गेले. ९०० केबीचे उरले ६. मिनिफाय, म्हणजे रिकाम्या जागा आणि टिपणं काढून टाकणं, हे सगळ्यात शेवटी करा. जीझिप चालू असेल तर त्यातून फार काही हाती लागत नाही.

पुन्हा येणाऱ्याला पुन्हा कशाला पाठवायचं

ज्याच्या फोनमध्ये फॉन्ट आणि फोटो आधीच आहेत त्याला ते परत पाठवू नयेत, म्हणून ‘कॅश-कंट्रोल’. फोटो, फॉन्ट, सीएसएसला ‘मॅक्स-एज’ ३१५३६००० द्या. ते एका वर्षाचे सेकंद. फाइल बदलली तर नाव बदला, शेवटी २, ३ असा आकडा लावा.

हेच एक वर्ष मी उत्साहाच्या भरात एचटीएमएललाही लावलं होतं. एप्रिलमध्ये नवा काजू आला, मामानं दर बदलला, आणि निपाणीच्या दोन जुन्या गिऱ्हाइकांना मात्र जुनाच दर दिसत राहिला. त्यांचा ब्राउझर सर्व्हरला विचारायलाच येत नव्हता, तर मी सर्व्हरवर काय करणार? मामानं शब्दाला जागून त्यांना जुन्या दरानं माल दिला, आणि फरक माझ्या दिवाळीच्या काजूतून कापला. एचटीएमएलला ‘नो-कॅश’ द्या. नाव फसवं आहे: ‘नो-कॅश’ म्हणजे साठवू नको असं नाही, तर साठव पण वापरण्याआधी विचार. काही बदललेलं नसेल तर सर्व्हर नुसतं ३०४ म्हणतो आणि पान परत जात नाही. मुळीच साठवू नको म्हणायचं तर ‘नो-स्टोअर’ असतं.

आणखी एक आकडा माझ्या भिंतीवर लिहिलेला आहे: १४ केबी. सर्व्हर पहिल्या दमात साधारण १० पाकिटं पाठवतो आणि पोचल्याचा निरोप येईपर्यंत थांबतो. पाकिटात १४६० बाइट, म्हणजे १४,६०० बाइट. मामाच्या गावात एक निरोप जाऊन यायलाच वेळ लागतो. दाबलेलं एचटीएमएल त्या पहिल्या खेपेत बसलं की पाहुण्याला निदान दर तरी लगेच दिसतो. आमचं १२ आहे. दोन केबी शिल्लक आहेत, ते मी मामाला सांगितलेले नाहीत.

सगळं झाल्यावर पहिल्या उघडण्याला २५० केबीच्या आसपास, आणि तळापर्यंत सरकलं तर ६०० च्या आत. मी बसनं मामाच्या गावी गेले, ओट्यावर बसले, फोनवर ‘ई’ आहे याची खात्री करून घेतली. मामानं पान उघडलं. दर लगेच आले, पाच-सहा सेकंदांत काजूचा फोटोही. मामा बोटानं खाली गेला, थांबला. “उघडलं गे. पण ही आमसुलांची परात आडवी का झोपवलीस?”

फोन आडवा-उभा कसा धरला होता ही नोंद फोटोच्या आत, एक्झिफ नावाच्या माहितीत असते. त्यातच फोटो काढल्याचं ठिकाणही असतं, मामाच्या घराचं अक्षांश-रेखांशासकट, म्हणून मी शेवटच्या दिवशी सगळ्या फोटोंतली ती माहिती पुसून टाकली होती. ठिकाण गेलं, त्याबरोबर फोटो कुठल्या बाजूनं उभा करायचा ही खूणही गेली. आधी फोटो एडिटरमध्ये फिरवून सेव्ह करायचा, मग माहिती पुसायची, असा क्रम हवा होता. परतीच्या बसमध्ये बसूनच परात सरळ केली. अपलोड मात्र किणये आल्यावर झालं.